‘चक्कर येते’ म्हणजे नेमके काय होते?

आठवडे बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यातल्या बाकांवर आंदर मावळातली, नाणे मावळातली, पवन मावळातली माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांतल्या दोघा-तिघांची तक्रार तरी तीन शब्दांत संपते : ‘डॉक्टर, चक्कर येते.’ त्यावर मी त्यांना म्हणते, चक्कर हा शब्द न वापरता सांगा, काय होते? मंडळी जरा बावचळतात, हातवारे करतात आणि मग खरे बोलू लागतात. कोणी म्हणते, घर गरगर फिरते. कोणी म्हणते, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. कोणाचे डोके अगदी ठीक असते, पण चालताना झोक जातो. निम्मे निदान इथेच होते.

आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. भोवळ, घेरी, अंधारी, गरगर, झोक असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. जुन्या वैद्यांनीही फरक केला होता. माधवनिदानात मूर्च्छा आणि भ्रम एकाच प्रकरणात येतात, पण वेगवेगळे मानून. आपण मात्र हे सारे ‘चक्कर’ नावाच्या एका पोत्यात कोंबले आणि सगळ्यांना गोळीही एकच देऊ लागलो.

अंधारी मावळात पाहावी ती आवणीच्या दिवसांत. सकाळपासून बायका कमरेत वाकून चिखलात उभ्या असतात. पोटात नुसता चहा, त्यात आषाढी एकादशीचा उपास. वरून पाऊस कोसळत असल्यामुळे तहान लागत नाही. अशी बाई एकदम ताठ उभी राहिली की रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. तिथेच बांधावर बसावे, शक्य तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. पण रोज असे होत असेल तर रक्त तपासलेच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आढळले होते. ‘बाईमाणसाला थोडी चक्कर यायचीच’ हे वाक्य घराघरांतून हद्दपार व्हायला हवे.

म्हाताऱ्या माणसांची अंधारी बहुधा रात्रीची. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि लघवीसाठी घाईने उठणे, या तिन्हींचा मेळ बसला की खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. खाटेच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत, मग उठावे. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांना आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगावे. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरला तर गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. मधुमेह्याला घाम फुटून थरथर सुटली तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. आमच्याकडे अशा वेळी हटकून चिक्की पुढे केली जाते. पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे तिची साखर रक्तात सावकाश उतरते. माणूस शुद्धीवर असेल तर साधे साखरपाणी बरे.

लोणावळ्याला येणारे पाहुणे ‘इथली हवा विरळ’ म्हणतात, त्याचे मला हसू येते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, लोहगड हजाराच्या थोडा वर. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरनंतर सुरू होतो आणि आपले कळसूबाईसुद्धा 1646 मीटरच आहे! गडावर भोवळ येते ती ऊन, रिकामे पोट आणि न प्यालेले पाणी यांमुळे. घाटात गाडी लागते त्याचे कारण निराळे. डोळे मोबाइलवर स्थिर, कानाला मात्र वळणे जाणवतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. मोबाइल ठेवून लांबच्या डोंगराकडे पाहावे.

कान म्हटल्यावर खऱ्या गरगरीकडे वळायला हवे. अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शेजारच्या पिशव्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागून, कधी विनाकारणही, ते सुटून नळीत शिरतात. मग कुशीवर वळले किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की घर फिरते आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबते. तेवढ्यात माणूस मात्र हादरून जातो.

पवन मावळातल्या एक आजी सहा महिने भिंतीला टेकून बसूनच झोपत होत्या. आडवे व्हायची भीती! चिठ्ठी दाखवून दर पंधरवड्याला प्रोक्लोरपेराझीनची गोळी आणली जाई. आता हात थरथरू लागले होते, चाल मंदावली होती आणि घरचे म्हणत होते, ‘वय झालं आता.’ वय नव्हे, ती गोळीच हे करते. ही गोळी किंवा सिनारिझीन दोन-चार दिवसांपुरते ठीक. पण महिनोन्महिने घेतल्यास कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात, आणि तोल सावरायला शिकणाऱ्या मेंदूलाही ती गुंगवून ठेवते.

या गरगरीवर उपाय आहे आणि त्याला औषध लागत नाही. अमेरिकेतल्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णाला निजवून डोके ठरावीक क्रमाने वळवायचे, प्रत्येक स्थितीत थोडे थांबायचे. कण घरंगळत मूळ जागी जातात. आधी हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी नाके मुरडली होती. कोणता कान दोषी हे आधी तपासावे लागते, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. मान-पाठीचा आजार असेल तर घरी प्रयोग नकोत. आजी दोन खेपांत आडव्या झोपू लागल्या. गोळी हळूहळू बंद केली, पण हातांचा कंप जायला कित्येक महिने लागले.

चकरेचे खापर मानेच्या मणक्यांवर फोडायची आपल्याकडे भारीच हौस. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रात झीज दिसतेच. म्हणून गळ्यात पट्टा अडकवून गरगर थांबत नाही.

झोक जातो त्यांचे पाय तपासावेत. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. माळकरी घरांत ब-12 जीवनसत्त्व कमी पडते, मेटफॉर्मिनने आणखी घटू शकते. हे इंजेक्शनाने भरून निघते, उशीर मात्र करू नये.

आणि एक चक्कर अशी, जिला कांदा हुंगवत बसायचे नाही. अचानक गरगरले आणि जोडीला बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, डोके कधी नव्हे इतके दुखले किंवा आधाराशिवाय उभेच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. धरणापलीकडच्या वाडीवरून पावसाळ्यात तळेगाव-पिंपरी गाठायचे तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. 108 ला फोन करावा, तोंडात पाणीही घालू नये, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून, रोजच्या गोळ्यांच्या पाकिटांसह पिशवीत टाकावे.