पहिल्या पिढीच्या टेपकडे : ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या नव्या आवृत्त्या

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर ध्वनी साठवण्याचे जे जे नवे माध्यम बाजारात आले, त्यांपैकी अनेकांवर तो पुन्हा निघत राहिला. २००३ मध्ये तो सुपर ऑडिओ सीडीवर आला, २०११ मध्ये ब्लू-रे तबकडीवर आणि २०२३ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ अशा उच्च विभेदनाच्या डिजिटल स्वरूपात. सुमारे ४३ मिनिटांचे हे संगीत टेपवर कायमचे गोठलेले असताना त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे ते काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वेष्टनावरच्या आकड्यांत शोधले जाते. वास्तविक ते टेपच्या पिढीत आणि तिच्यावर फिरलेल्या हातात आहे.

टेपची पिढी ही संकल्पना समजण्यासाठी अल्बमच्या घडणीकडे वळावे लागते. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत मे १९७२ पासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत, मैफलींच्या दौऱ्यांमधून सवड काढत, हे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याची तांत्रिक बाजू अॅलन पार्सन्स या तरुण रेकॉर्डिस्टने सांभाळली. तेथील यंत्रावर एकाच रुंद टेपवर सोळा समांतर पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, मुद्रित करता येत असत, त्यामुळे ड्रम, गिटार, गायन अशी अंगे वेगवेगळी नोंदवून नंतर त्यांचे परस्परांतील प्रमाण ठरवता येई. परंतु या अल्बमसाठी सोळा पट्ट्याही अपुऱ्या पडल्या. तेव्हा भरलेल्या पट्ट्यांचे एकत्र मिश्रण दुसऱ्या टेपवरच्या मोजक्या पट्ट्यांवर उतरवून उरलेली जागा पुढच्या वादनासाठी मोकळी करण्यात आली. अशा प्रत्येक उतरवणीत टेप एक पिढी पुढे सरकते, तिची मूळची सळसळ वाढते आणि झांजांसारख्या तीक्ष्ण नादांची धार थोडी बोथट होते. १९७३ मध्ये श्रोत्यांच्या हाती पडलेल्या एलपीवरचे बरेचसे वादन म्हणजे प्रतीच्या प्रतीची प्रत होती.

या टेपा किती हाताने घडवलेल्या होत्या, हे ‘मनी’ या गाण्याच्या आरंभी येणाऱ्या नाण्यांच्या खणखणाटावरून ध्यानात येते. बँडमधील रॉजर वॉटर्स यांनी नाणी टाकण्यासाठी वापरलेले भांडे त्यांच्या तेव्हाच्या पत्नीचे, मातीकाम करताना माती कालवण्याचे होते. नाणी, फाटणारा कागद, दुकानातले गल्ल्याचे यंत्र असे सात आवाज वेगवेगळे मुद्रित करून त्या टेपचे तुकडे पट्टीने मोजून अगदी सारख्या लांबीचे कापले गेले, चिकटपट्टीने जोडून त्यांचे एक कडे बनवले गेले आणि ते कडे यंत्रातून गरगर फिरत ठेवले गेले. गाण्याची सात मात्रांची चाल त्या सात तुकड्यांवरच उभी राहिली. एखादा तुकडा लांबीला किंचित कमी-अधिक झाला असता, तर लय लंगडली असती.

‘टाइम’च्या सुरुवातीला एकाच क्षणी वाजू लागणारी घड्याळेही प्रत्यक्षात कधीच एकत्र वाजलेली नाहीत. पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेका घड्याळाची टिकटिक आणि ठोके स्वतंत्र मुद्रित केले होते, तेही या अल्बमसाठी नव्हे, तर चार दिशांनी ध्वनी ऐकवण्याच्या एका प्रात्यक्षिकासाठी. नंतर त्या सर्वांचे ठोके एकाच क्षणी पडतील असे टेपवर जुळवण्यात आले. एलपीच्या पहिल्या बाजूच्या अखेरीस गायिका क्लेअर टोरी यांचा शब्दांवाचून गायलेला आक्रोश येतो. एका संध्याकाळच्या या कामाचे त्यांना ३० पौंड मिळाले आणि त्या रचनेच्या सहकर्त्या म्हणून त्यांचे नाव लागण्यास २००५ पर्यंत, तेही न्यायालयात धाव घेतल्यानंतर, वाट पाहावी लागली. त्यानंतरच्या आवृत्त्यांच्या श्रेयनामावलीत झालेली ही दुरुस्ती ध्वनीतील कोणत्याही सुधारणेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

या संगीताला दोन स्पीकर अपुरे आहेत, ही जाणीव त्याच्या कर्त्यांना आरंभापासून होती. श्रोत्याच्या चारही कोपऱ्यांतून ध्वनी देणाऱ्या क्वाड्राफोनिक पद्धतीचे मिश्रण पार्सन्स यांनी तयार केले. मात्र लंडनच्या तारांगणात पत्रकारांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमापर्यंत ते पूर्ण झाले नव्हते, म्हणून रिचर्ड राइट वगळता बँडमधील कोणीही तेथे फिरकले नाही.

आता आकड्यांकडे पाहता येईल. डिजिटल मुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून नोंदवली जाते. सेकंदाला किती वेळा मोजले हा झाला सॅम्पलिंगचा दर, आणि प्रत्येक मापाची नोंद किती बारकाईने केली हे बिटांच्या संख्येवरून कळते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापे असून प्रत्येक माप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. २४ बिटांत याच पायऱ्या १ कोटी ६७ लाखांवर जातात. सॅम्पलिंगच्या दराच्या निम्म्यापर्यंतची कंपने अचूक पकडता येतात, असे या शास्त्राचे मूळ प्रमेय सांगते आणि मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने सीडीचा दर ऐकण्यापुरता पुरेसा ठरतो. शांत आणि मोठ्या आवाजांमधला पल्लाही सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतो, आणि १९७२ च्या टेपचा पल्ला त्याहून कमीच होता. पेला मोठा घेतला म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही.

प्रयोगांचा कौलही बराचसा याच बाजूचा आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च विभेदनाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या मापातून गाळून घेतलेला ध्वनी यांतील फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अठरा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा फरक ओळखण्याचे प्रमाण निव्वळ अंदाजाहून किंचितच अधिक निघाले, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत ते लक्षणीय वाढलेले दिसले.

असे असूनही २००३ ची आवृत्ती ऐकणाऱ्याला वेगळी वाटते, आणि हा त्याच्या कानांचा भ्रम नव्हे. बँडबरोबर ‘द वॉल’ या अल्बमपासून काम केलेले रेकॉर्डिस्ट जेम्स गथ्री यांनी या आवृत्तीसाठी पाच दिशांचे नवे मिश्रण करताना दुसऱ्या पिढीची टेप बाजूला ठेवली आणि एकत्र मिसळण्यापूर्वीच्या मूळ टेपा परस्परांशी जुळवून वापरल्या. त्यामुळे तीस वर्षे एका प्रतीच्या पडद्याआड राहिलेले वादन प्रथमच थेट बाहेर आले. त्याच तबकडीवर याच्या उलट धडाही सापडतो. तिच्यात साध्या सीडी यंत्रासाठी एक वेगळा थर होता आणि त्या थरावरील ध्वनी अधिक दाबलेला, म्हणजे हळू व मोठ्या भागांतील अंतर कमी करून सरसकट मोठा केलेला असल्याचे ‘स्टीरिओफाइल’ या अमेरिकी मासिकाने मापनाने दाखवले. दोन्ही थर ताडून पाहणाऱ्याला उच्च विभेदनाचा थर सरस वाटला असेल, तर त्याचे श्रेय बिटांना द्यायचे की दाबणाऱ्या हाताला, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

२०११ च्या ब्लू-रेवर पार्सन्स यांचे १९७३ चे चार दिशांचे मिश्रणही स्वच्छ रूपात समाविष्ट झाले, त्यामुळे रखडलेले ते काम अखेर त्याच्या योग्यतेच्या यंत्रावर ऐकता आले. २०२३ च्या डॉल्बी अॅटमॉस मिश्रणात प्रत्येक ध्वनीला स्पीकरऐवजी खोलीतले, डोक्यावरचेसुद्धा, एक स्थान नेमून दिले जाते आणि वॉटर्स यांची नाणी, पार्सन्स यांची घड्याळे श्रोत्याच्या भोवती पसरतात.

अल्बमचा आरंभ मात्र कोणत्याही आवृत्तीत तसाच आहे. बँडचे ड्रमवादक निक मेसन यांच्या बास ड्रमवर वाजवलेले हृदयाचे ठोके शून्यातून हळूहळू उमटतात. जुन्या एलपीवर सुईच्या करकरीत पहिले काही ठोके बुडून जात आणि ठोका सुरू झाला कधी, हे सांगता येत नसे. चांगल्या डिजिटल आवृत्तीत, खोली शांत असेल तर, आधी टेपची अगदी मंद सळसळ ऐकू येते आणि मग तिच्याखालून पहिला ठोका वर येतो.