कारखान्याचे सांडपाणी आणि गावचे आरोग्य

कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी लोणावळ्यावरून खाली उतरते, कामशेतच्या खोऱ्यातून देहू-आळंदीस जाते आणि तुळापूर येथे भीमेस मिळते. तिच्या दक्षिणेस पवनेचे खोरे आहे. मावळची भातखाचरे, विहिरी व गुरांचे पाणवठे बव्हंशी या दोन नद्यांच्या आधारावर आहेत. वडगाव मावळच्या कृषि संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेल्या सुवासिक भातास इंद्रायणीचेच नाव देण्यात आले.

याच खोऱ्यांतून आज हमरस्ते गेले आहेत, तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक वसाहत आहे आणि खालच्या अंगास पिंपरी-चिंचवड व चाकण ही मोठी उद्योगक्षेत्रे आहेत. कारखान्यांमुळे अनेक घरांस रोजगार मिळाला, हे खरे. परंतु शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत आले म्हणजे त्याची किंमत काठच्या गावांस मोजावी लागते. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर वारंवार पांढरा फेस दिसला. शहरांतील मैलापाणी, साबणासारखी द्रव्ये व कारखान्यांचे सांडपाणी ही त्याची कारणे आहेत. फेस डोळ्यांस दिसतो. जे दिसत नाही, ते ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे.

दूषण दोन प्रकारचे

पाण्यातील दूषणाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार रोगजंतूंचा. मैलापाणी पाणवठ्यात मिसळले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत गावात हगवण, कावीळ किंवा विषमज्वर दिसू लागतो. यावर पाणी उकळणे व विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे हे उपाय प्रत्येक ग्रामसेवकास ठाऊक आहेत आणि ते गुणकारी आहेत.

दुसरा प्रकार रासायनिक द्रव्यांचा. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू उकळल्याने नष्ट होत नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण किंचित वाढते. ब्लीचिंग पावडरचाही त्यांवर उपयोग नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण नितळ दिसणारे पाणी निर्विष झाले असे मानता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरात शिसे ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. इतके अल्प प्रमाण रंग, वास वा चव यांवरून कळणे अशक्य आहे.

या द्रव्यांचा परिणाम सावकाश होतो. शिशामुळे लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि शरीरातून बाहेर पडण्यास अनेक वर्षे घेते. क्रोमियमयुक्त पाण्यात वारंवार उभे राहिल्यास हातापायांस खाज, चट्टे व न भरणाऱ्या जखमा होतात. लावणीच्या दिवसांत स्त्रिया तासन्‌तास चिखलपाण्यात असतात, म्हणून त्यांच्या अशा तक्रारी केवळ चिखल्या समजून सोडून देऊ नयेत.

जपानमधील धडा

भात पिकविणाऱ्या गावांनी एक उदाहरण अवश्य जाणून घ्यावे. जपानमधील तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगास जस्ताची खाण होती. तिचे कॅडमियमयुक्त पाणी नदीत येई आणि त्याच नदीचे पाट खालच्या भातशेतीस मिळत. तेथील मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन साध्या खोकल्यानेही मोडू लागली. कित्येक वर्षे कारण उमगले नाही. अखेर १९६८ साली जपान सरकारने हा खाणीतील कॅडमियममुळे जडलेला रोग असल्याचे मान्य केले. दूषित शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले होते.

असे मावळात घडले आहे, असा याचा अर्थ नव्हे. धडा असा की, विष केवळ पिण्याच्या पाण्यातून येते असे नाही. ते पाटाच्या पाण्यातून मातीत, मातीतून दाण्यात आणि दाण्यातून घरातील ताटात येऊ शकते. खाचरात पाणी उभे असता भाताची मुळे कॅडमियम कमी शोषतात. खाचर कोरडे पडल्यावर किंवा जमीन आम्लधर्मी असल्यास अधिक शोषतात. एकदा जमीन बिघडली की ती सुधारण्यास एक पिढी लागते.

धूर आणि धूळ

हवेतील दूषणाकडेही लक्ष असावे. हिवाळ्यात पहाटे थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते व धूर वर जात नाही. अशा वेळी दमेकरी, वृद्ध व लहान मुले यांस अधिक त्रास होतो. खडी फोडण्याच्या यंत्राजवळ काम करणाऱ्यांनी पाणी मारून धूळ बसविण्याचा आग्रह धरावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास धुळीस दोष देऊन स्वस्थ न बसता सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्यावी.

गावाने काय करावे

१. पिण्याचे पाणी नाल्याच्या वा सांडपाण्याच्या ओढ्याच्या काठच्या विहिरीतून घेऊ नये. अशा विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी व नंतर, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. केवळ जंतूंची नव्हे, धातूंचीही तपासणी मागावी.

२. कारखान्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून खत समजून शेतात पसरू नये.

३. रसायनांची रिकामी पिंपे पाणी, धान्य वा दूध साठविण्यासाठी वापरू नयेत. धुऊनही ती सुरक्षित होत नाहीत.

४. कारखान्यातील प्लॅस्टिक व तेलकट चिंध्या चुलीत, राबात किंवा बांधावर जाळू नयेत.

५. ग्रामसेवकाने एक नोंदवही ठेवावी. ओढ्याचे पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, कोणत्या रंगाचे व वासाचे होते. मासे मेले काय. किती घरांत व किती गुरांस कोणता त्रास झाला, हे त्यात तारीखवार लिहावे.

६. ही नोंद जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे येथील कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. जल प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयात चालणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीनेच घ्यावा लागतो. गावाने भरलेली बाटली पुरावा ठरत नाही. म्हणून अधिकाऱ्यास वेळेवर बोलावण्याइतकी माहिती गावाजवळ तयार असावी.

रोगजंतूंचा प्रादुर्भाव आठवड्यात बोभाटा करतो; रसायनांचा प्रादुर्भाव मुकाट्याने वर्षानुवर्षे वाढतो. म्हणून पहिल्यासाठी औषध, तर दुसऱ्यासाठी नोंदवही, हे सूत्र प्रत्येक गावाने स्वीकारावे. नदीचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेणारा वारकरी आणि तेच पाणी पाटाने खाचरात घेणारा शेतकरी, या दोघांचेही आरोग्य वरच्या गावांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.