उत्पादक गटाचे संकेतस्थळ

जळगावच्या केळीस व भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. हा माल कोणाकडे मिळेल, हे दूरच्या गिऱ्हाइकास कळावे म्हणून उत्पादक गटाने संकेतस्थळ उभारणे इष्ट होय. मात्र गेल्या महिन्याचा भाव दाखविणारे पान नसलेले बरे. त्याने सौदा फिसकटतो. यास्तव ते मजकूर-व्यवस्थापन प्रणालीवर बांधून घ्यावे. तीत पानाची मांडणी व मजकूर निरनिराळे साठविलेले असतात; म्हणून सभासदाने मोबाईलवरून भाव बदलला तरी मांडणी बिघडत नाही. २००३ साली निघालेली वर्डप्रेस प्रणाली विनामूल्य असून मराठीतही चालते. खर्च येतो तो मुख्यतः बांधणीचा आणि नाव व जागा यांच्या वार्षिक आकाराचा. नावाची नोंदणी गटाच्याच नावे करावी. बांधणाऱ्याच्या नावे राहिल्यास ते हातचे जाते.