मॉडेलमधला बर्फ आणि भोक पाडून मोजलेला बर्फ

समुद्राच्या मॉडेलवर पीएच.डी. करायची म्हटलं की बहुतेकांना वाटतं, सगळा वेळ कोडिंगमध्ये जाणार. तो जातोच. पण खरा कस लागतो एका साध्या वाटणाऱ्या कामात: मॉडेलने दिलेला आकडा आणि कुणीतरी मोजलेला आकडा, हे दोन्ही एकाच गोष्टीचे आहेत का, हे तपासण्यात. बाल्टिक समुद्रातल्या बर्फाचं उदाहरण घेऊ. तिथे हा घोळ फार स्वच्छ दिसतो.

बाल्टिक म्हणजे स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया, पोलंड वगैरे देशांच्या मधला उथळ समुद्र. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. नद्यांचं गोडं पाणी भरपूर, आणि खारं पाणी आत येणार ते डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून. त्यामुळे सगळं निमखारं. अरबी समुद्राच्या वरच्या पाण्याची क्षारता साधारण ३५-३६ असते; बाल्टिकच्या मध्यभागी ती ७ च्या आसपास आहे आणि उत्तर टोकाच्या बोथनियाच्या उपसागरात ३ च्या आसपास.

याचा बर्फाशी संबंध असा. क्षारता २४.७ च्या वर असेल तर पाणी गोठेपर्यंत जड होत जातं. वरचं थंड झालं की बुडतं, खालचं वर येतं. बाल्टिकचं पाणी मात्र तळ्यासारखं वागतं. गोठण्याआधीच त्याची घनता कमाल होते, त्यानंतर आणखी थंड झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि लवकर गोठतं. त्यासाठी −१.९ अंशांपर्यंत उतरावंही लागत नाही, शून्याच्या जरासं खाली पुरतं. म्हणजे मॉडेलमध्ये क्षारता बिघडली की बर्फही बिघडतो. नुसतं हवेचं तापमान बरोबर असून भागत नाही.

बर्फ किती पसरला, हे त्यातल्या त्यात सोपं. बाल्टिकमधल्या दर हिवाळ्याच्या कमाल विस्ताराची मालिका १७२० पासूनची आहे (जुने आकडे अर्थातच बंदरं, दीपगृहं यांच्या नोंदींवरून बसवलेले). २०१९-२० च्या हिवाळ्यात हा विस्तार फक्त ३७,००० चौरस किलोमीटर होता, मालिकेतला सर्वांत कमी. सगळा बाल्टिक सुमारे ४ लाख २० हजारांचा आहे, यावरून अंदाज करा.

जाडीचं काय? आइसब्रेकर कुठे पाठवायचा, कुठलं जहाज अडकेल, हे जाडीवर ठरतं. आणि ‘जाडी’ हा एकच शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरला जातो.

समजा मॉडेलचा एक चौकोन साधारण १.८५ किलोमीटरचा, म्हणजे एक सागरी मैलाचा आहे. त्यातला अर्धा भाग बर्फाने व्यापलाय आणि तो बर्फ ४० सेंटिमीटर जाड आहे. मग जाडी किती? बर्फापुरतं बोलायचं तर ४०, पूर्ण चौकोनाची सरासरी काढली तर २०. हवामान मॉडेलांच्या सीएमआयपी-६ प्रकल्पात यासाठी दोन वेगळी नावं आहेत, ‘सीथिक’ आणि ‘सीव्हॉल’. फाइल उघडल्यावर आधी हे बघा, आलेख मागाहून काढा.

तिसरी जाडी भोक पाडून मोजलेली. ती बहुधा किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या सपाट बर्फात मोजतात, कारण माणूस तिथेच उभा राहू शकतो. उघड्या समुद्रातला बर्फ वाऱ्याने सरकतो, तुकडे एकमेकांवर चढतात, पाण्याखाली कित्येक मीटरचे ढिगारे तयार होतात. किनाऱ्यावरच्या एका भोकाला त्याचा पत्ता नसतो.

मग उपग्रह वापरू, असं कुणीही म्हणेल. क्रायोसॅट-२ सारखा उपग्रह बर्फ पाण्याच्या वर किती आलाय ते मोजतो, आणि त्यावरून आपण जाडी काढतो. पण बर्फाचा जवळपास नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. ६० सेंटिमीटर जाडीचा बर्फ वर दिसतो सुमारे ६ सेंटिमीटर. मोजण्यात ३ सेंटिमीटर इकडेतिकडे झालं, तर जाडीत ३० चा फरक. वर हिमाचं ओझं असेल तर बर्फ आणखी खाली दबतो. आर्क्टिकच्या दोन-तीन मीटर जाड बर्फासाठी ही पद्धत चालून जाते. बाल्टिकसाठी माझ्या मते ती एकटी वापरू नये.

राहिले बर्फाचे रोजचे नकाशे. ते मुळात जहाजांसाठी, तज्ज्ञ माणसं रडारची चित्रं आणि जहाजांवरून आलेल्या नोंदी बघून काढतात. उपयोगी आहेतच. पण काही मॉडेलांमध्ये हेच नकाशे आधी आत भरलेले असतात. पुन्हा त्यांच्याशीच तुलना करून ‘मॉडेल उत्तम’ म्हणणं म्हणजे फुटलेल्या पेपरवर मिळवलेले मार्क. तेव्हा कुठल्याही पेपरमध्ये पडताळणीचा आलेख दिसला की आत कुठली निरीक्षणं भरली होती, तो परिच्छेद शोधा. बऱ्याचदा तो पुरवणीत असतो.