‘प्रेमाचा गुलकंद’ : मात्रा आणि मौज

विनोदी कविता शिकवताना आपण बहुधा गोष्ट सांगतो, मुले हसतात आणि तास संपतो. वृत्त उरते ते परीक्षेपुरते. पण पुष्कळदा हसू त्या वृत्तातच दडलेले असते. आचार्य अत्रे यांची ‘प्रेमाचा गुलकंद’ घ्या. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी काढलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातली ही कविता.

गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. प्रियकर रोज नेमाने गुलाब देतो, ती मुकाट्याने घेते. असे महिने लोटतात. अखेर तो जाब विचारतो, तेव्हा ती आतून बरणी आणते. एकही पाकळी वाया गेलेली नाही, सगळ्यांचा गुलकंद झाला आहे!

आता मांडीवर ताल धरून म्हणून पाहा. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ओळ २६ मात्रांची. आधी आठ, पुन्हा आठ, मग दहा. ही संथ, डुलणारी चाल प्रेमगीताला शोभणारी आहे. मौज अशी की, बरणी आली तरी कवी ती चाल मोडत नाही. वरातीचा बाजा वाजतच राहावा आणि नवरदेवाने घोड्यावरून उतरून भाजीचा भाव करावा, तसे होते.

यमके दोन-दोन ओळींची. ‘भोंड’ला ‘तोंड’, ‘गेंद’ला ‘गुलकंद’. हे दुसरे जरा ओढून आणलेले वाटते खरे, पण मला तेच आवडते. काव्यातला गेंद एका यमकासरशी पानठेल्यावर जाऊन बसतो!

पुनरुक्तीही पाहा. ‘गुलकंद’ हा शब्द कवितेत तीनदा येतो. आधी तिच्या तोंडी, मग ‘गुलकंद तरी का हातचा सोडा’ असा हिशेब करणाऱ्या त्याच्या तोंडी, आणि शेवटी कवीच्या. ती शेवटची ओळ कवितेच्या नावानेच सुरू होते. ‘प्रेमाचा’च्या मात्रा सहा, ‘गुल’च्या दोन. आठ भरल्या, टाळी इथे पडते आणि ‘कंद’ पुढच्या आठांत जातो. फारसीत गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. कवीने हे मोजूनमापून केले असे मी म्हणणार नाही. सरावलेल्या कानाला अशा जागा आपोआप सापडतात. वर्गात ती ओळ फळ्यावर लिहा आणि टाळी कुठे पडते, ते मुलांनाच शोधू द्या.