राज्याच्या पदरी फुटबॉल

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या काठी न्यूकॅसल नावाचे जुने शहर आहे. कोळसा आणि जहाजबांधणी यांवर ते वाढले आणि हे धंदे बसल्यावर खंगले. शहराच्या ऐन मध्यावर फुटबॉलचे मैदान आहे. तेथे बावन्न हजार माणसे बसतात. अशा गावात क्लब ही कोणाची तरी मालमत्ता असते खरी. परंतु देवळाची जागा एखाद्याच्या नावावर असली म्हणून देव काही त्याचा होत नाही!

७ ऑक्टोबर २०२१ रोजी हा क्लब सुमारे ३० कोटी पौंडांना विकला गेला. ८० टक्के भाग सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने घेतले. निधीचे अध्यक्ष खुद्द युवराज महंमद बिन सलमान. पत्रकार जमाल खशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला, त्याला त्या वेळी तीन वर्षे आणि पाच दिवस झाले होते. तरी मैदानाबाहेर चाहत्यांनी जल्लोष केला. त्यांना दोष देणे सोपे आहे. आधीच्या मालकाच्या चौदा वर्षांत त्यांचा संघ दोनदा खालच्या वर्गात ढकलला गेला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, पैसा कोठला का असेना, खेळ तर सुधारतो? पॅरिसचा क्लब २०११ साली कतारच्या पैशाने घेतला गेला. अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांनी २००८ साली मँचेस्टर सिटी घेतला आणि त्यांच्याच समूहाने २०१९ साली आपल्या मुंबई सिटीचेही ६५ टक्के भाग घेतले होते. खेळ सुधारला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण व्यापारी मालक नफा पाहतो, तोटा आला की विकून मोकळा होतो, आणि त्याला कोर्टात खेचता येते. राज्याचे तसे नाही. राज्याला तोट्याची फिकीर नसते, कारण त्याला हवा असतो नावलौकिक. आणि त्याच्या हाती तुरुंगही असतात.

म्हणूनच ‘मालक राज्य आहे काय?’ हा प्रश्न कळीचा ठरतो. सौदी राज्य क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही, अशी कायद्याने बंधनकारक हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने जाहीर केले. पुढे २०२३ साली अमेरिकेत गोल्फच्या एका दाव्यात याच निधीकडे कागदपत्रे मागण्यात आली, तेव्हा त्याच्या वकिलांनी सांगितले की, निधी हा सार्वभौम राज्याचे अंग आहे, सबब त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे क्लब घेताना राज्य नव्हे, आणि जाब देताना राज्य! या दोन टोप्या एकाच डोक्यावर बसू देणे हा माझ्या मते या व्यवहारातला खरा दोष आहे.

जाब मग कोणी द्यायचा? १२ मार्च २०२२ रोजी सौदी सरकारने एकाच दिवशी ८१ जणांना देहदंड दिल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलचा सामना लंडनला चेल्सीशी होता. त्या क्लबच्या रशियन मालकावर ब्रिटिश सरकारने नुकतेच निर्बंध घातले होते. सामन्यानंतर पत्रकारांनी न्यूकॅसलचे प्रशिक्षक एडी हाउ यांना देहदंडाविषयी विचारले. आपण फुटबॉलपुरतेच बोलू, असे ते म्हणाले. गृहस्थाचे काम खेळाडूंना शिकवण्याचे. सरकारी फाशीचा खुलासा त्याच्याकडे मागावा लागावा, ही व्यवस्थाच विपरीत होय.

जर्मनीत बहुतेक क्लबांत बहुमताचा अधिकार सभासदांकडे राहतो. तसा नियम इंग्लंडात असता तर? येथे मात्र पंचाईत आहे. चाहत्यांच्या संघटनेने सभासदांना विचारले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक सभासद या विक्रीच्या बाजूचे निघाले. ज्यांना भोगावे लागते ते सौदीतले कैदी त्या यादीत नव्हते, असणारही नव्हते. मार्च २०२५ मध्ये क्लबने लीग कप जिंकला. १९५५ नंतर मायदेशातली मोठी स्पर्धा प्रथमच हाती आली. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते खोटे नव्हते. याच गावात काही थोड्या चाहत्यांनी या मालकीविरुद्ध एक गट काढला आहे. तेही त्याच संघाचे चाहते आहेत.