ऑस्कर कुणाला? अंदाज बांधायचा तर हे बघा 🎬

अभिनयाच्या चार ऑस्करचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न विचारायचा: मत देतंय कोण? गोल्डन ग्लोबची मतं पत्रकारांची. त्यातल्या जवळपास कुणालाच ऑस्करला मत नसतं. उलट अमेरिकी नटांची संघटना स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड (सॅग) आणि ब्रिटनची चित्रपट अकादमी बाफ्टा यांचे बरेच सभासद ऑस्करच्या अकादमीतही आहेत. म्हणून खरा कौल या दोघांच्या पुरस्कारांकडे.

पण दोघांचं एकमत होतंच असं नाही.

👉 2023 : सॅगचे चारही विजेते ऑस्करला जिंकले. मिशेल यो, ब्रेंडन फ्रेझर, की हुय क्वान, जेमी ली कर्टिस. बाफ्टाचा एकही नाही!

👉 2025 : बाफ्टाचे चारही बरोबर. सॅग आणि ग्लोब दोन्ही डेमी मूरला मिळाले होते, ऑस्कर मात्र 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनने नेलं.

👉 2021 : सॅग चॅडविक बोसमनला, बाफ्टा अँथनी हॉपकिन्सना. ऑस्कर हॉपकिन्सना, 'द फादर'साठी.

आणखी एक गोष्ट. अभिनयाची नामांकनं फक्त नटमंडळी ठरवतात, पण अंतिम मतदानात संकलक, छायालेखक, संगीतकार सगळेच असतात. पाच जणांत ज्याला सर्वाधिक मतं, तो जिंकला. निम्मी मतं लागत नाहीत. मतं विभागली की चुरस वाढते.

म्हणून माझा नियम सरळ आहे: सॅग आणि बाफ्टा एकाच नावावर थांबले, तर तेच नाव लिहायचं. फाटा फुटला, तर कुणाच्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन आहे ते बघायचं.

तुम्ही कशावरून ठरवता? कमेंटमध्ये नक्की सांगा.

#ऑस्कर #सिनेमा